कणीचा पुरावा

हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं, हे हिंजवडीत काम करणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातला ताम्हिणी घाट, धरण आणि भाजलेली कणसं. माझं घर पौडच्या पुढं आणि नोकरी हिंजवडीत. कंपनीची कॅब घोटवडे, माणमार्गे जाते. तालुक्याची हद्द काही ओलांडत नाही. घरून निघताना दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि उतरते ती काचेच्या इमारतीपाशी. तिथं आम्ही इंग्लंडमधल्या एका बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी निस्तरतो.

आमच्या खात्याला डिस्प्यूट्स म्हणतात. तिकडच्या माणसानं कार्डावर काही घेतलं, ते बिघडलेलं किंवा सांगितल्यापेक्षा वेगळं निघालं आणि दुकानदार दाद देईना, की केस आमच्या रांगेत येऊन पडते. मी दुपारी दीडला बसते तेव्हा त्यांची सकाळ असते. माणसाचा आवाज क्वचितच कानावर पडतो. येतात ते कागद. पावती, ईमेल, फोटो. परक्या लोकांच्या बैठकीच्या खोल्या मी इतक्या पाहिल्यात की विचारू नका. उसवलेल्या सोफ्याच्या फोटोत कोपऱ्यात झोपलेला कुत्रा, गळक्या फ्रिजच्या दारावर पोरांनी चिकटवलेली चित्रं. पण सोफ्याला हात लावून बघायची सोय नाही, फ्रिज उघडून बघायची नाही. आम्ही बघत नाही, दुकानदाराची बँक बघत नाही, आणि प्रकरण पार कार्ड कंपनीच्या लवादापर्यंत गेलं तरी तिथंही कोणी बघत नाही. वस्तू खराब आहे की नाही, याचा निकाल वस्तू न बघता लागतो.

व्हिसाच्या नियमांत या प्रकाराचा क्रमांक १३.३. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सगळी मांडणी बदलली, त्याआधी तो ५३ होता. जुनी मंडळी अजूनही ‘त्रेपन्नची केस’ म्हणतात. मास्टरकार्डाचा ४८५३. क्रमांक कोणताही असो, विचारणा त्याच: विकताना काय सांगितलं होतं, हातात काय आलं, तुम्ही दुकानदाराशी आधी बोललात का, वस्तू परत केलीत किंवा निदान परत न्या म्हणालात का. आणि हे सगळं साधारण १२० दिवसांच्या आत. रागावलेला माणूस यातल्या दुसऱ्याच मुद्द्यावर पानंच्या पानं लिहितो आणि बाकीचे तसेच सोडतो. केसी पडतात त्या इथंच.

हे सगळं मी कामाचा भाग म्हणून करत होते. घरात त्याचा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं, कारण आमच्याकडं कार्ड वापरणारा एकच, माझा धाकटा दीर. तो पिरंगुटला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कार्ड या वस्तूचाच तिटकारा. ‘उधारीचा पत्रा’ म्हणतात ते त्याला.

दिवाळीच्या आधी दिरानं ऑनलाइन एक छोटी भातगिरणी मागवली. मिनी राइस मिल. आमच्याकडं सगळा इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली काढलेलं वाण, आंबेमोहराचा वास थोडा ठेवून उत्पन्न वाढवणारं. पुण्याहून लोक घरी येऊन किलो किलो घेऊन जातात. गावच्या गिरणीत हंगामात रांग लागते, म्हणून घरचं भात घरीच भरडावं, जमलं तर वाडीतल्या लोकांचंही भरडून चार पैसे मिळवावेत, असा त्याचा हिशोब. जाहिरात झकास होती: सिंगल फेज, ३ एचपी मोटर, ताशी १५० किलो, वजन ६२ किलो, ९५ टक्के अख्खा तांदूळ. किंमत २६,५०० रुपये. त्यानं जाहिरातीचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकून ‘घेऊ का?’ म्हणून विचारलं. सासूबाईंनी अंगठा दाखवला. आबांनी काहीच लिहिलं नाही, कारण ते ग्रुपवर नाहीत.

मशीन आलं, पडवीत बसवलं, नारळ फोडला. पहिलं घमेलं खाली आलं आणि सगळे गप्प झाले. तांदूळ कसला, रवा होता तो. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन पाखडल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “ह्याची उकड करायची का खीर?”

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्याकडं व्होल्टेज कमी असणार. वायरमनला बोलावून मीटरवर दाखवलं, तर म्हणाला, भात ओलं असणार. मग म्हणाला, जाळी नीट बसवली नसेल. नंतर फोनच उचलेना. दीर तापला आणि त्यानं आपल्या बँकेला इंग्रजीत तक्रार ठोकली, की माझी फसवणूक झाली आहे, हे चोर आहेत, पैसे परत करा. बँकेनं त्याचं कार्ड ब्लॉक केलं आणि काही दिवसांनी कळवलं की व्यवहार ओटीपी देऊन झालेला आहे, म्हणजे तो तुम्हीच केला, सबब तक्रार बंद.

त्या रात्री मी ड्यूटीवरून आले तर तो ओट्यावर बसून होता. “वहिनी, तुम्ही दिवसभर हेच करता ना? मग आमचं काय?”

बँकेचं पत्र वाचताच काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. तक्रार फसवणुकीच्या टेबलावर गेली होती. तिथं एकच तपासतात, व्यवहार कार्डाच्या मालकानं केला की दुसऱ्या कोणी. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही जबाबदारी नाही वगैरे, ते अशा परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी. आमचा व्यवहार आम्हीच केलेला होता, राजीखुशीनं. वाद मालाचा होता. त्याचं टेबल वेगळं, फॉर्म वेगळा, घड्याळही वेगळं. दिराच्या बँकेचा आणि माझ्या कामाचा काडीइतका संबंध नाही, पण कार्डावरचा शिक्का तोच, म्हणून नियमही तेच.

एक फरक मात्र होता आणि तो मला फार जाचला. इंग्लंडमध्ये शंभर पौंडांवरच्या आणि तीस हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीला कायद्याचं पाठबळ आहे: १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट, कलम ७५. माल खराब निघाला तर विकणाऱ्याइतकीच बँकही जबाबदार. तिकडची म्हातारी बाईसुद्धा पत्रात ‘सेक्शन ७५’ असं ठणकावून लिहिते आणि आमची टीम लीडर खुर्चीत सरळ बसते. अमेरिकेचा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टही १९७४ चाच. त्यात खराब मालासाठी एक गमतीदार अट आहे, खरेदी पन्नास डॉलरच्या वर आणि आपल्याच राज्यात किंवा घरापासून शंभर मैलांच्या आत झालेली हवी. ऑनलाइनच्या जमान्यात तिथले वकील त्या शंभर मैलांवर किती भांडत असतील! आणि नेमकं त्याच १९७४ साली इकडं पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. म्हणजे ग्राहकाच्या बाजूनं उभं राहण्यात आपण कोणाच्या मागं नव्हतो. आपल्याकडं बँकेचं क्रेडिट कार्डच नव्हतं. ते आलं १९८० साली, सेंट्रल बँकेचं. पुढं कार्डं गावोगाव पोचली, पण बँकेला विकणाऱ्याबरोबर बांधून ठेवणारं कलम ७५ सारखं काही आलं नाही. आपल्याला उरतो तो कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम, चार्जबॅक. तो हक्क म्हणून मिळत नाही. बँकेनं आपल्या वतीनं मागायचा असतो.

तरी अगदीच निःशस्त्र नसतो आपण. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत आहे, की बिलाबद्दल तक्रार आली तर बँकेनं ३० दिवसांच्या आत खुलासा करावा आणि लागतील तिथं कागद द्यावेत. वाद मिटेपर्यंत थकबाकीची माहिती बाहेर द्यायची नाही, हेही त्यात आहे. ही दुसरी ओळ मी दिराला दोनदा वाचून दाखवली, कारण त्याला खरी भीती सिबिलची होती. पुढच्या वर्षी त्याला घराचं कर्ज काढायचं होतं. बाकीचं बिल वेळेवर भरत राहा, असंही बजावलं. रागाच्या भरात लोक सगळंच बिल थांबवतात, मग महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि मूळ भांडण बाजूला राहून व्याजाचंच भांडण होऊन बसतं.

नवीन तक्रार लिहायला बसलो तेव्हा मी त्याला म्हटलं, चोर, लबाड हे शब्द काढ. जाहिरातीत काय होतं ते एका बाजूला लिही, आलं काय ते दुसऱ्या बाजूला. जाहिरात आता साइटवरून गायब होती. पण घरच्या ग्रुपवर ‘घेऊ का?’च्या वर ती तारखेसकट होती, सासूबाईंच्या अंगठ्यासकट.

‘तांदूळ तुटतो’ हे कागदावर कसं आणायचं, हा खरा प्रश्न. वाक्य लिहून भागत नाही. माझ्याकडं सोफ्याच्या केसी येतात तेव्हा शहाणा माणूस एखाद्या गादीवाल्याकडून लिहून आणतो की शिवण सदोष आहे, वापरानं उसवलेली नाही. आम्हाला तसंच करायचं होतं. एकाच पोत्यातलं भात दोन भाग करून एक घरच्या मशीनमध्ये घातलं, दुसरं गावच्या गिरणीत. दोन्हींतून किलो किलो तांदूळ घेतला आणि सासूबाई आणि धाकटी जाऊ सूप-ताट घेऊन बसल्या. अख्खा दाणा एकीकडं, कणी एकीकडं. वेळखाऊ काम. इंद्रायणीचा दाणा तुटला तरी पांढराशुभ्रच असतो, डोळ्यांना पटकन कळत नाही. नखानं टोक चाचपावं लागतं. अख्ख्या दाण्याच्या पाऊण भागाला अख्खाच धरायचं की कणी, यावर दोघींचा वाद झाला. मी म्हटलं, अख्खा धरा, आपला हिशोब कोणाला लबाडीचा वाटायला नको. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. घरच्या मशीनच्या किलोत साडेपाचशे ग्रॅम कणी निघाली, गिरणीच्या किलोत शंभराच्याही खाली. चारही ढीग चार ताटांत, प्रत्येकासमोर काट्याचा आकडा, आणि फोटो. गिरणीवाल्या काकांनी आपल्या बिलबुकाच्या पानावर लिहून दिलं की सदर भात मी भरडले, भात चांगले वाळलेले आहे, दाणा अख्खा येतो. खाली सही आणि शिक्का. ‘भात ओलं’ हा बचाव त्या पानापाशी संपला. भरडायच्या भातात ओल चौदा टक्क्यांच्या वर असली की दाणा तुटतो हे खरंच आहे; पण तेच भात एका गिरणीत तुटावं आणि दुसरीत नाही, असं ओलीमुळं होत नाही.

विकणारा फक्त फोनवर बोलायचा, लिहून काही द्यायचा नाही. अशा माणसांसाठी आमच्या खात्यात एक युक्ती चालते. दीर दुसऱ्या नंबरावरून फोन करायचा, आणि फोन ठेवला रे ठेवला की लगेच मेसेज: ‘आत्ता फोनवर आपण म्हणालात त्याप्रमाणे भात ओलं असल्यानं असं होतं. भात वाळलेलं आहे, सोबत गिरणीचं पत्र. मशीन परत घेऊन जावं ही विनंती.’ एकदा त्यानं वैतागून उत्तर दिलं, ‘तुमच्या भागात पिकअप नाही.’ दिराला ते वाचून संताप आला. मला आनंद झाला. परत न्या म्हणाल्याचा पुरावा विकणाऱ्यानंच लिहून दिला होता.

अर्जाच्या शेवटी मी एक साधं वाक्य घातलं, की तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाऊ. नोव्हेंबर २०२१ पासून बँकांच्या तक्रारींसाठी एकच लोकपाल योजना आहे, फुकट आहे, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. धमकी म्हणून घातलं नव्हतं. पण बँकेत ते वाक्य वाचलं जातं, एवढं मी आतल्या बाजूनं जाणते. केस उघडली आणि पैसे तात्पुरते जमा झाले. दिरानं पेढे आणायचं काढलं तेव्हा मी थांबवलं, कारण ही रक्कम उसनी असते. समोरच्याचं उत्तर आलं की ती परत निघून जाऊ शकते.

आणि निघाली. विकणाऱ्याच्या बँकेनं त्याचं उत्तर पाठवलं: माल पोचल्याची सही, आणि एक व्हिडिओ. व्हिडिओत मशीन घरघरत होतं आणि खालून मोत्यासारखा तांदूळ पडत होता. दिसायला आमच्याच मशीनसारखं, तोच हिरवा रंग. आमच्या बँकेनं विचारलं, यावर तुमचं काही म्हणणं आहे का, थोडक्या दिवसांत कळवा.

इथं आबा आले. तोवर त्यांनी या प्रकरणात लक्ष घातलं नव्हतं. मुळशीत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून त्यांचं निम्मं आयुष्य पौडच्या तहसीलात आणि तलाठ्याकडं गेलंय. सातबारा, फेरफार, मोजणीचे नकाशे, सगळं त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पिशव्या करून ठेवलेलं. या तालुक्यात ज्याचा कागद हरवला त्याचं वावर गेलं, हे त्यांनी बघितलंय. मी जेवताना दिराला सांगत होते की व्हिडिओतलं मशीन हेच नव्हे, हे दाखवायला हवं, पण कसं? आबा उठले आणि आतून ट्रान्सपोर्टची बिल्टी घेऊन आले. मशीन उतरवून घेताना सही करून त्यांनी ती ट्रंकेत टाकली होती. बिल्टीवर वजन होतं ४४ किलो. खोक्यासकट.

जाहिरातीत ६२.

अठरा किलोचं लोखंड वाटेत झिजत नाही. म्हणजे पाठवलेलं मशीनच दुसरं होतं, हलकं, स्वस्तातलं. कणी, व्होल्टेज, ओल यांवर महिनाभर वाद घालता आला असता. दोन आकड्यांवर काय वाद घालणार? शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आणून मशीन तोलून घेतलं, तोही फोटो जोडला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतका स्वच्छ पुरावा माझ्या रांगेत फारदा आलेला नाही, आणि तो कार्डाला पत्रा म्हणणाऱ्या माणसाकडून आला.

त्यापुढं विकणारा लढला नाही. लवादापर्यंत जायचं तर हरणाऱ्या बाजूला शेकडो डॉलर भरावे लागतात, तेवढी त्या मशीनची किंमतच नव्हती. रक्कम दिराच्या खात्यावर कायमची जमा झाली. बिल्टी नसती तर काय, याचाही विचार आम्ही करून ठेवला होता. पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही राज्यातला असो; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एकच अडचण काढली असती त्यांनी, की मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेल्या वस्तूला कायद्यानंच त्यातून वगळलंय. तरी तिथं तारखा पडल्या असत्या. चार्जबॅकमध्ये निदान आमच्या वेळापत्रकानं भांडता आलं.

मशीन अजून पडवीत आहे. ते विकणाऱ्याचं आहे, तो नेत नाही, आम्हाला मोडता येत नाही. सासूबाई त्यावर सुपं ठेवतात.

यंदा दीर नवीन गिरणी घ्यायला पुण्यात दुकानातच गेला. आबा बरोबर गेले, आणि जाताना भाताचं एक अर्धं पोतं गाडीत टाकलं. दुकानदार आधी हसला, मग त्यानं मशीन जोडून दिलं. आबांनी तांदूळ ओंजळीत घेतला, नखानं टोकं चाचपली आणि मान हलवली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दुकानदार म्हणाला, कार्डावर घेतलं तर दोन टक्के वर पडतील, रोख द्या. दिरानं मला फोन लावला. मी म्हटलं, कार्डावरच घे. मागून आबांचा आवाज येत होता, ते दुकानदाराला सांगत होते की दोन टक्के सोड, नाहीतर पोतं उचलून पुढच्या दुकानात जातो, आणि बिलावर मशीनचं वजन लिही.